जमा बारा, नावे तेहेतीस

"सर, एशिया कप तर आपण जिंकलाय की! आता परत कसला?"

२०२५ च्या ऑक्टोबरात, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या चहाच्या गाडीवर मला हा प्रश्न विचारला गेला. विचारणारा माझाच जुना विद्यार्थी. मी त्याला सांगत होतो की उद्या पहाटे मडगावला निघतोय, फातोर्ड्याला भारत-सिंगापूर सामना आहे, आशियाई चषकाची पात्रता फेरी आहे आणि हरलो तर खेळ खलास. त्याचा दोष नव्हता. २८ सप्टेंबर २०२५ ला दुबईत आपण पाकिस्तानला हरवून क्रिकेटचा आशिया कप घेतला होता, पेठेत फटाक्यांची माळ लागली होती. फुटबॉलचाही असा एक चषक असतो, तो १९५६ पासून चालू आहे आणि आपण त्यात एकदा दुसरे आलो होतो, हे त्याच्या कानावरच कधी पडलं नव्हतं.

आणि हा पोरगा काही फुटबॉलला परका नाही. पाटाकडील तालमीची अख्खी टीम तो पाठ म्हणून दाखवील. शिवाजी तरुण मंडळाविरुद्ध कुठल्या साली टायब्रेकरवर कोण हरलं, हे त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं ठाऊक. वर्ल्ड कप आला की त्याच्या गल्लीत ब्राझील नि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. कोल्हापुरात, जिथं तालमीच्या नावानं फुटबॉल संघ चालतात, तिथं ही अवस्था, तर बाकी महाराष्ट्राचं काय सांगावं? म्हणून हा लेख.

माझ्याजवळ एक लाल कापडी पुठ्ठ्याची खतावणी आहे. माझे वडील शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. कोरी उरलेली एक खतावणी त्यांनी फुटबॉलसाठी ठेवली. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. आपण मारलेले गोल जमा, खाल्लेले नावे. पहिली नोंद शाईच्या टाकाची आहे : २७ मे १९६४, दक्षिण कोरिया, जमा २, नावे निरंक. खाली वडिलांच्या बारीक अक्षरात एकच ओळ : 'पंडितजी गेले.'

त्याच दिवशी दुपारी दिल्लीत नेहरूंचं निधन झालं होतं. रेडिओवर शोकसंगीताशिवाय काही नव्हतं. तिकडे इस्रायलमध्ये आपले अकरा जण कोरियाविरुद्ध उतरले आणि दुसऱ्याच मिनिटाला अप्पलराजूनं गोल मारला. उत्तरार्धात इंदरसिंगनं दुसरा. वडिलांना निकाल कळला तो दोन-तीन दिवसांनी, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या चार ओळींतून. त्या आठवड्यात कोण फुटबॉल वाचणार होतं?

हा चषक म्हणजे काय, ते आधी सांगतो. युरोपातले देश जसे युरो खेळतात, तसे आशियातले देश हा खेळतात. चार वर्षांतून एकदा. १९६४ ची ही तिसरी खेप. १९५६ ला हाँगकाँगमध्ये पहिली झाली तेव्हा आपण नव्हतो. त्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो होतो, मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती. म्हणजे संघ होता, ताकद होती, पण या स्पर्धेचं महत्त्व आपल्याला वाटलं नाही. आशियाई खेळांचं सुवर्ण हेच सर्वस्व मानलं गेलं. १९५१ ला ते मिळालं होतं, १९६२ ला जाकार्तात पुन्हा मिळालं. १९६० च्या चषकाची पात्रता फेरी तर आपल्याच कोचीत झाली आणि तिथून पुढे इस्रायल गेला.

१९६४ मध्ये चारच संघ होते : यजमान इस्रायल, भारत, दक्षिण कोरिया, हाँगकाँग. बाद फेरी नाही, अंतिम सामना नाही. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, गुण मोजायचे. आपण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ हरवलं, इस्रायलकडून ०-२ हरलो आणि दुसरे आलो. हाँगकाँगविरुद्धचे गोल इंदरसिंग, सुकुमार समाजपती आणि कर्णधार चुनी गोस्वामी यांचे. त्या चमूत फॉर्च्युनातो फ्रँको होते, गोव्याच्या कोलवाळचे, मुंबईच्या टाटा स्पोर्ट्सकडून खेळणारे. गोव्यातल्या फुटबॉलवाल्यांनी त्यांचं नाव अजून आदरानं घ्यावं अशी त्यांची कारकीर्द आहे.

हे उपविजेतेपद आपल्याकडे फार मिरवलं जातं. मीही मुलांना सांगताना छाती फुगवून सांगायचो. पण खरं ते सगळं सांगितलं पाहिजे. आपण त्या स्पर्धेत पोहोचलो ते पात्रतेचा एकही सामना न खेळता, कारण गटातल्या इतरांनी माघार घेतली होती. इस्रायलमध्ये खेळायला अनेक देश तयार नव्हते. वाट मोकळी मिळाली होती. कोरियाला हरवणं मात्र खरं होतं, त्यात कुणाची मेहेरबानी नव्हती. ज्या कोरियानं आधीचे दोन्ही चषक जिंकले होते, त्या कोरियाला आपण एकही गोल करू दिला नाही. मला अभिमान वाटतो तो त्या नव्वद मिनिटांचा. दुसऱ्या क्रमांकाचा तेवढा नाही.

त्यानंतर खतावणीची पानं कोरी आहेत. वीस वर्षं. पुढचे चार चषक झाले, त्यांतल्या एकातही आपण नव्हतो. वडिलांनी ती खतावणी कपाटात टाकली आणि १९८४ ला माझ्या हातात दिली. मी तेव्हा नुकताच शाळेत शारीरिक शिक्षणाचा मास्तर म्हणून लागलो होतो.

१९८४ ची पात्रता फेरी कलकत्त्यात झाली. दक्षिण कोरियाविरुद्ध हरलो, पण मलेशिया, पाकिस्तान आणि उत्तर येमेनला हरवून आपण सिंगापूरचं तिकीट काढलं. प्रशिक्षक होते युगोस्लाव्हियाचे मिलोव्हान चिरिच. डिसेंबरात स्पर्धा झाली. पुन्हा तोच योग : ऑक्टोबरच्या शेवटी इंदिराजींची हत्या झालेली, डिसेंबर लागताच भोपाळ. वर्तमानपत्र उघडायला भीती वाटावी असे ते दिवस. त्यात कुठल्यातरी कोपऱ्यात निकाल सापडायचे. सिंगापूरकडून ०-२. अमिरातीकडून ०-२. चीनकडून ०-३. आणि मधे एक नोंद, जिच्याभोवती मी लाल पेन्सिलीनं चौकट केली आहे : इराण, ०-०. तीन वेळा हा चषक जिंकलेला इराण. जमेच्या बाजूला एकही गोल नसलेल्या त्या पानावर तेवढी एक चौकट.

मग २७ वर्षं काही नाही. वीस आणि सत्तावीस. दोन पिढ्या जन्मल्या, खेळल्या, निवृत्त झाल्या. माझ्या हाताखालून शाळेतले जे उत्तम खेळाडू गेले, ते सगळे या सत्तावीस वर्षांतले. त्यांना देशाचा संघ आशियात खेळताना बघायलाच मिळाला नाही.

२०११ चा दरवाजा उघडला तो एका आडवाटेनं. आशियाई महासंघानं कमकुवत देशांसाठी चॅलेंज कप नावाची स्पर्धा काढली होती. ती जिंका आणि थेट आशियाई चषकात या, असा नियम. २००८ ला ती भारतात झाली. अफगाणिस्तानविरुद्ध हैदराबादेत सामना गोलशून्य सुटणार असं दिसत असताना भरपाई वेळेत गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्सनं गोल मारला. अंतिम सामना दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर, ताजिकिस्तानविरुद्ध. ४-१. तीन गोल सुनील छेत्रीचे, एक बायचुंग भुतियाचा. चोवीस वर्षांनी आपण पात्र ठरलो.

दोह्यात २०११ च्या जानेवारीत जे झालं ते आकड्यांत लाजिरवाणं आहे : ऑस्ट्रेलिया ०-४, बहारिन २-५, दक्षिण कोरिया १-४. तेरा गोल नावे. तरी ते तिन्ही सामने मी पेठेतल्या तालमीच्या टीव्हीवर बघितले आणि मला लाज वाटली नाही. इंग्लंडचे बॉब हॉटन प्रशिक्षक होते, संघात क्लायमॅक्स, महेश गवळी, मुंबईचा स्टीव्हन डायस. बहारिनविरुद्ध आठव्या मिनिटाला गोल खाल्ला आणि नवव्या मिनिटाला गौरमांगी सिंगनं तो फेडला. १९६४ नंतरचा या स्पर्धेतला आपला पहिला गोल! तालमीत जो आवाज झाला तो ऐकून शेजारच्या बायका दारात आल्या. कोरियाविरुद्ध गोली सुब्रत पाल असा काही खेळला की चार गोल खाऊनही सगळ्यांच्या तोंडी त्याचंच नाव. तो नसता तर दहा झाले असते. त्या दिवशी कोरियाकडून अठरा वर्षांच्या एका पोरानं देशासाठीचा पहिला गोल मारला. त्याचं नाव सॉन ह्युंग-मिन. पुढे तो आशियातला सगळ्यात मोठा खेळाडू झाला. मी नंतर मुलांना सांगायचो : त्याची सुरुवात आपल्यावर झालीय.

पुढचा चषक पुन्हा चुकला. चॅलेंज कपची तीच आडवाट, पण २०१२ ला काठमांडूत तिन्ही सामने हरलो, एकही गोल न मारता, आणि त्यानंतरच्या खेपेला पात्रता फेरीतच म्यानमारनं अडवलं.

२०१९ वर मात्र मी रेंगाळणार आहे. स्पर्धा आता १६ ऐवजी २४ संघांची झाली होती. ६ जानेवारीची रात्र, अबू धाबी, समोर थायलंड. २७ व्या मिनिटाला आशिक कुरुनियनचा फटका थाई खेळाडूच्या हाताला लागला, पेनल्टी, छेत्रीनं ती आत घातली. सहा मिनिटांत थायलंडनं बरोबरी केली. मध्यंतराला तालमीत कुणी बोलत नव्हतं. आता दुसऱ्या हाफमध्ये आपण दमणार आणि तीन गोल खाणार, असंच सगळ्यांना वाटत होतं, कारण आजवर तसंच झालेलं. दुसरा हाफ सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटात उजवीकडून उदांता पळाला, चेंडू आशिककडे, त्यानं तो मागे छेत्रीला ठेवला आणि छेत्रीनं न थांबवता मारला. थांबवून, बघून, दुरुस्त करून नव्हे. आलेला चेंडू आल्या पावली जाळ्यात. मास्तर म्हणून मी तीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडलोय, 'पहिल्या टचमध्ये मार.' त्या रात्री ते मी देशाच्या जर्सीत बघितलं. मग अनिरुद्ध थापानं तिसरा आणि जेजेनं चौथा मारला. ४-१. पंचावन्न वर्षांनी या स्पर्धेत विजय, आणि या स्पर्धेतला आपला सगळ्यात मोठा. दुसऱ्या दिवशी थायलंडनं आपला प्रशिक्षक काढून टाकला.

त्यानंतर अमिरातीकडून ०-२. आणि १४ जानेवारीला शारजात बहारिन. बरोबरी केली असती तरी पहिल्यांदा बाद फेरी गाठली असती. नव्वद मिनिटं झाली, ०-० टिकलं होतं. पहिल्या भरपाई मिनिटाला आपल्या बॉक्समध्ये पाय उशिरा गेला, पेनल्टी, ०-१. तेवढंच. मी टीव्ही बंद झाल्यावरही बराच वेळ बसून होतो. माझ्यासोबत तालमीतली चौदा-पंधरा वर्षांची पोरं होती. एक जण भिंतीकडे तोंड करून रडत होता. देशाच्या फुटबॉलसाठी कोल्हापुरात कुणी रडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

२०२४ च्या जानेवारीत कतारला पुन्हा गेलो. ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. जमेला काही नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध सुरुवातीला छेत्रीचं हेडर बाहेर गेलं, ते आत गेलं असतं तर वगैरे वगैरे. ते पान मला पुन्हा उघडवत नाही.

आता बेरीज. पाच स्पर्धा, सोळा सामने. तीन विजय, एक बरोबरी, बारा पराभव. जमा बारा, नावे तेहेतीस. बारातले चार एकट्या छेत्रीचे. २०११, २०१९, २०२४ या तिन्ही स्पर्धांत मैदानावर खेळलेला भारतीयही तो एकटाच.

छेत्रीच्या या दोन नोंदींत आपलं दुखणं आहे असं माझं मत आहे. पहिलं दुखणं गोलचं. सोळांपैकी अकरा सामन्यांत आपल्याला एकही गोल करता आला नाही. आपल्या मोठ्या क्लबांनी वर्षानुवर्षं पुढच्या जागेवर परदेशी फॉरवर्ड आणले. सामना जिंकायचा तर ते त्यांच्या दृष्टीनं बरोबरच, पण भारतीय मुलाला गोलसमोर उभं राहून चुका करायला आणि त्यातून शिकायला जागाच राहिली नाही. कोल्हापूरच्या लीगमध्येही बाहेरचे खेळाडू आले, तेव्हा आमच्या पेठेतला नऊ नंबर बेंचवर गेला. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. दुसरं दुखणं खंड पडण्याचं. छेत्रीनं २०११ ला जे सोसलं, त्यातून शिकलेलं २०१९ ला कामी आलं, पण त्याच्यासारखे सात-आठ जण असायला हवे होते. कोरिया, जपान, इराण दर चार वर्षांनी तिथं असतात. त्यांचा नवा मुलगा जुन्याच्या शेजारी उभा राहून शिकतो. आपण वीस वर्षं, सत्तावीस वर्षं, आठ वर्षं गायब होतो आणि दर वेळी श्रीगणेशापासून सुरू करतो.

मुलींचं इथं एका वाक्यात उरकणार नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२२ ला महिलांचा आशियाई चषक आपल्याच महाराष्ट्रात झाला, नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात. नव्या मुंबईत इराणशी ०-० झाल्यावर आपल्या संघात कोरोना पसरला, पुढच्या सामन्याला तेरा जणीही उभ्या राहिनात आणि यजमान संघाला स्पर्धा सोडावी लागली. त्याच मुलींनी २०२५ च्या जुलैत थायलंडमध्ये जाऊन थायलंडला २-१ हरवलं आणि पात्रता फेरी खेळून पुढच्या चषकात जागा मिळवली. पुरुषांना त्याच वर्षी ते जमलं नाही.

तर फातोर्डा. पहाटे आजरा, आंबोली करत निघालो. गाडी चालवायला माझा दुसरा एक विद्यार्थी. संध्याकाळी स्टेडियमच्या दारात निळे शर्ट घातलेली गोव्याची पोरं, हातात भोंगे, तोंडात कोकणी. कमानीवर नाव वाचलं : पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम. वडिलांची ती एक ओळ आठवली आणि क्षणभर पाय थबकले.

या फेरीत आधीच घोळ झाला होता. बांगलादेशशी घरी ०-०, हाँगकाँगकडून ०-१, सिंगापूरमध्ये शेवटच्या मिनिटाला रहीम अलीच्या गोलनं १-१. प्रशिक्षक बदलून खालिद जमील आले होते, मुंबईच्या मैदानांवर अनेक वर्षं काढलेला माणूस. पण देशाची मुख्य लीगच कराराच्या वादात अडकून पडली होती. बहुतेक खेळाडूंच्या पायांना हंगामाची सवयच नव्हती. चौदाव्या मिनिटाला छांगतेनं बॉक्सबाहेरून डाव्या पायानं असा मारला की माझ्या शेजारचे एक वयस्क गोंयकार उठून मला मिठीच मारते झाले. मध्यंतराला एक मिनिट असताना सिंगापूरच्या सॉन्ग उई-यंगनं बरोबरी केली. ५८ व्या मिनिटाला त्यानंच दुसरा. माझ्या जागेवरून दिसलं ते असं : आपले बॅक चेंडूकडे बघत होते, माणसाकडे नाही. पुढची तीस मिनिटं आपण चेंडू उंच टाकत राहिलो आणि ते तो परतवत राहिले. १-२. आशियाई चषक २०२७ आपल्यासाठी तिथंच संपला. महिन्याभरानं ढाक्यात बांगलादेशकडूनही हरलो.

सिंगापूर पुढे गेलं, पात्रता मिळवून पहिल्यांदाच. याआधी ते या चषकात एकदाच खेळले होते, १९८४ ला, यजमान म्हणून. तेव्हाही त्यांनी आपल्याला २-० हरवलं होतं. साठ लाख वस्तीचं शहर.

परतताना आंबोलीत चहाला थांबलो तेव्हा गाडी चालवणारा म्हणाला, "सर, आपल्याकडे काय कमी आहे?" मैदानं कमी नाहीत, पोरं कमी नाहीत, वेड तर कोल्हापुरात आणि गोव्यात मापाबाहेर आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तो इथल्याच मातीतला. कमी आहे ते लहान मुलांचे सामने. वर्षाला तीस-चाळीस, नियमानं, पंचासह, गुणतक्त्यासह. जपाननं तेच केलं, उझबेकिस्ताननं तेच केलं. फॉरवर्ड हा बारा-तेराव्या वर्षी घडतो, विसाव्या वर्षी प्रशिक्षक आणून घडत नाही.

एक विनंती करतो. तालमींच्या फायनलला शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. पण शालेय स्पर्धेतला चौदा वर्षांखालच्या पोरांचा सामना असतो तेव्हा गॅलरीत त्यांचे मास्तर आणि दोन-चार आया, एवढेच बसलेले असतात. तिकीट नसतं, कुणी अडवत नाही. सकाळी नऊला सुरू होतो. या.